अमेरिका नावाचा विषय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कितीतरी शेतकरी घरांत दोनच जाड पुस्तके असत. एक बायबल आणि दुसरे सीअर्स, रोबक अँड कंपनीचा कॅटलॉग. नांगर, शिलाई मशीन, घड्याळे, चष्मे, औषधे, गिटार, मुलांचे बूट, अगदी थडग्यावर बसवायचे दगडसुद्धा त्यात चित्रांसह छापलेले असत आणि प्रत्येक वस्तूपुढे किंमत. मागणीपत्र भरायचे, पैसे पाठवायचे आणि आगगाडीने येणाऱ्या मालाची वाट पाहायची. हा कॅटलॉग आज एखाद्या विद्यार्थ्याला अभ्यासायचा असेल तर त्याने कोणत्या विभागात जावे? इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या, वास्तुकलेच्या की संगीताच्या?

अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत या प्रश्नाला उत्तर म्हणून एक वेगळा मेजरच आहे: अमेरिकन स्टडीज. अमेरिकेची संस्कृती हा त्याचा विषय. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लागेल त्या विद्याशाखेची मदत घेण्याची मुभा, किंबहुना सक्ती, हे त्याचे वैशिष्ट्य. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही रुळले आहेत. पण एकापेक्षा अधिक विषय शिकणे आणि एकाच प्रश्नाकडे अनेक विषयांतून पाहणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर समजून घ्यायला हा कॅटलॉग फार उपयोगी पडतो.

रिचर्ड सीअर्स हा मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थ रेडवूड या छोट्या स्टेशनवरचा रेल्वे एजंट. १८८६ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने आलेली घड्याळांची पेटी घ्यायला नकार दिला. सीअर्सने ती घड्याळे स्वतः घेतली आणि रेल्वेमार्गावरच्या इतर एजंटांना विकली. घड्याळांनाच एवढी मागणी का होती, याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे. १८८३ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी देशभर प्रमाणवेळा लागू केल्या होत्या. तोवर गावागावाची वेळ सूर्यावर ठरे. आता ती स्टेशनातल्या घड्याळावर ठरू लागली. पुढे १८९६ पासून सरकारी टपाल खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचू लागले आणि १९१३ मध्ये पार्सल टपाल सुरू झाले. म्हणजे एका व्यापाऱ्याच्या हुशारीमागे रेल्वे, टपाल खाते आणि सरकारी धोरण असे तिघे उभे होते. इथपर्यंतचे काम अर्थशास्त्राचा किंवा व्यापाराच्या इतिहासाचा अभ्यासक चांगले करील.

आता हाच कॅटलॉग दक्षिणेतल्या एखाद्या कृष्णवर्णीय कुळाच्या झोपडीत नेऊन पाहावा. गुलामगिरी संपली होती, पण वर्णभेदाचे कायदे आले होते. गावातले दुकान बहुधा जमीनमालकाचे किंवा त्याच्या ओळखीतल्या गोऱ्या माणसाचे. माल उधारीवर, भाव दुकानदार म्हणेल तो आणि गोरे गिऱ्हाईक आले की काळ्या गिऱ्हाइकाने बाजूला उभे राहायचे. कॅटलॉगातली किंमत मात्र छापलेली. मागणी करणाऱ्याच्या कातडीचा रंग शिकागोतल्या कंपनीच्या कारकुनाला दिसत नसे. लुई हायमन या इतिहासकाराने ही बाजू ठळकपणे मांडली आहे. गोऱ्या दुकानदारांना हे इतके खुपले की सीअर्स आणि रोबक हे दोघे कृष्णवर्णीय असल्याच्या अफवा पसरवल्या गेल्या. खरेदीच्या यादीतून वर्णव्यवस्थेला पडलेली ही चीर फक्त ताळेबंद वाचणाऱ्याच्या नजरेत आली नसती.

संगीताचा धागाही इथेच गुंतलेला आहे. मिसिसिपीच्या कापूसशेतांत वाढलेले ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी आपली पहिली गिटार घोडा विकून आलेल्या पैशांतून घेतल्याची आठवण सांगितली आहे. तशा स्वस्त गिटारी लोक शिकागोहून सीअर्सकडून मागवत. १९४३ मध्ये वॉटर्स स्वतः शिकागोला गेले आणि त्यांच्या विजेवरच्या गिटारीने ज्या संगीताला वळण दिले त्यातूनच पुढचे रॉक संगीत घडले.

कॅटलॉगात घरेही होती. १९०८ पासून १९४० पर्यंत सीअर्सने टपालाने घरे विकली. गिऱ्हाइकाने नकाशा निवडायचा. मग आगगाडीच्या डब्यातून क्रमांक घातलेली लाकडे, दारे, खिडक्या, खिळे आणि घर कसे उभारायचे याचे पुस्तक येई. एका घराचे सुमारे ३०,००० सुटे भाग. अशी ७०,००० च्या आसपास घरे विकली गेली असावीत असा अंदाज आहे आणि त्यांतली कितीतरी आजही वस्तीत आहेत. शिवाय या कंपनीचे भागीदार ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी आपली संपत्ती एका वेगळ्याच कामात घातली. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी दक्षिणेतल्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा उभ्या राहाव्यात म्हणून पैसा दिला. अट अशी की गावानेही आपला वाटा उचलायचा. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी मजुरी दिली, लाकूड दिले. खेड्यांत वीज नसल्याने या शाळांच्या नकाशात मोठमोठ्या खिडक्या असत आणि दिवसभर उजेड मिळेल अशा दिशेने इमारत बसवलेली असे. कवयित्री माया अँजेलो आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस अशाच शाळांत शिकले.

घड्याळाच्या पेटीपासून नागरी हक्कांच्या चळवळीपर्यंत जाणारा हा रस्ता एकाही विद्याशाखेच्या हद्दीत पूर्ण मावत नाही. अमेरिकन स्टडीजची खरी ताकद इथे आहे. विषयांची सरमिसळ ही त्याची हौस नसून गरज आहे.

वर्गात हे कसे चालते? चार वर्षांच्या पदवीत विद्यार्थी साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेजर ठरवतो. सुरुवातीला एक-दोन पायाभूत अभ्यासक्रम, त्यात कादंबरी, न्यायालयाचा निकाल, छायाचित्र, नकाशा, जाहिरात अशा वेगवेगळ्या जातीच्या पुराव्यांचे वाचन करायला शिकवले जाते. मग इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र, कलेतिहास, आफ्रिकन-अमेरिकन किंवा आशियाई-अमेरिकन अभ्यास अशा विभागांतून विषय निवडायचे. पण मनाला येईल तसे नव्हे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला एखादे क्षेत्र पक्के करावे लागते. येल विद्यापीठात, उदाहरणार्थ, वस्तू आणि वास्तू, राष्ट्राची घडण, अमेरिकेचे जगाशी संबंध अशी काही क्षेत्रे ठरवून दिलेली आहेत आणि विद्यार्थी त्यांतले एक निवडतो. शेवटी छोट्या गटातला सेमिनार आणि स्वतंत्र प्रबंध. प्रबंधाचा विषय एखादा पूल असू शकतो, एखादी मालिका, एखाद्या गावातले कब्रस्तान किंवा जेवणाच्या डब्यांचा इतिहास.

पुलाचे उदाहरण तर या विषयात आदर्श मानले जाते. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये खुला झाला. तो उभारताना मूळ अभियंता जॉन रोबलिंग १८६९ मध्ये अपघातातून दगावले, मुलगा वॉशिंग्टन पाण्याखालच्या बंद कोठ्यांत काम करताना हवेच्या दाबाच्या विकाराने खिळून पडला आणि त्याची पत्नी एमिली हिने बांधकामावरची ये-जा, निरोप आणि हिशेब सांभाळून काम तडीस नेले. १९६५ मध्ये ॲलन ट्रॅक्टेनबर्ग यांनी या पुलावर जे पुस्तक लिहिले त्यात पोलादी तारांचे शास्त्र आहे, कंत्राटांचे राजकारण आहे, जोसेफ स्टेला यांची चित्रे आहेत आणि हार्ट क्रेन यांची दीर्घ कविताही आहे. दगड-पोलादाचा पूल आणि लोकांच्या मनातला पूल या दोन्हींना त्यांनी सारखेच वजन दिले.

या विषयाचा जन्म मात्र पुलांतून किंवा कॅटलॉगांतून झाला नाही. तो एका अस्वस्थतेतून झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकी विद्यापीठांतच अमेरिकी साहित्याला मान नव्हता. इंग्रजी विभाग म्हणजे इंग्लंडचे साहित्य. देशी लेखक म्हणजे त्याची एक दुबळी फांदी. ‘मोबी डिक’ लिहिणारे हर्मन मेलव्हिल १९२० च्या दशकापर्यंत जवळपास विस्मरणात गेले होते. १९२७ मध्ये व्हर्नन पॅरिंग्टन यांनी अमेरिकी विचारांच्या प्रवाहांवर मोठा ग्रंथ लिहून साहित्य आणि राजकीय इतिहास एकत्र बांधला. १९३० च्या दशकात हार्वर्डने अमेरिकन संस्कृतीच्या इतिहासाचा स्वतंत्र पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू केला आणि १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ हे त्यातून पदवी घेणारे पहिले विद्यार्थी ठरले.

स्मिथ यांचे १९५० चे ‘व्हर्जिन लँड’ हे पुस्तक आजही वाचनीय आहे. पश्चिमेकडची ‘रिकामी’ जमीन हे अमेरिकेचे मोठे स्वप्न होते. त्या स्वप्नाचा शोध घेण्यासाठी स्मिथ यांनी संसदेतली भाषणे वाचली, प्रवासवर्णने वाचली आणि ज्यांच्याकडे कोणताही प्राध्यापक ढुंकून पाहत नव्हता त्या दहा सेंट किमतीच्या साहसकथाही वाचल्या. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अर्जदाराला १६० एकर जमीन मिळू लागली. कोरड्या मैदानी प्रदेशात एवढ्या जमिनीवर कुटुंब जगणे अवघड होते. तरीही नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असा सिद्धान्त मांडणारे विद्वान तेव्हा होते आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून माणसे तिकडे गेली. पुढच्या दुष्काळांत ती देशोधडीला लागली. लोकांच्या मनातली एक कल्पना कायद्यात शिरते, कायदा माणसांना माळरानावर नेऊन सोडतो आणि निसर्ग त्याचा जाब विचारतो. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांचे दुःख जवळून पाहणाऱ्या वाचकाला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच पिढीतले लिओ मार्क्स यांनी १९६४ मध्ये आणखी एक पुस्तक दिले. त्याची सुरुवात १८४४ मधल्या एका नोंदीपासून होते. कादंबरीकार नॅथानिएल हॉथॉर्न काँकर्डजवळच्या रानात बसून पाने, पक्षी, ऊन यांचे टिपण करत असताना अचानक आगगाडीची शिटी ऐकू येते. यंत्र आणि बाग यांच्यातल्या या ताणावर मार्क्स यांनी अमेरिकी साहित्याची शंभर वर्षे वाचून दाखवली.

दुसरे महायुद्ध संपले आणि या अभ्यासाला सरकारी, खासगी पैसा मिळू लागला. १९४७ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या एका जुन्या वाड्यात युरोपीय तरुणांसाठी अमेरिकन स्टडीजचा उन्हाळी वर्ग भरला. १९४९ मध्ये ‘अमेरिकन क्वार्टरली’ हे नियतकालिक निघाले, १९५१ मध्ये अभ्यासकांची संघटना झाली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचा अभ्यास म्हणजे अमेरिकेचा प्रचार, असे मानणारे देणगीदारही होते. विल्यम रॉबर्टसन को या धनिकाने येलला दिलेल्या मोठ्या देणगीमागे साम्यवादाला वैचारिक उत्तर तयार करण्याचा हेतू उघड होता. तरीही त्या विभागांतून फक्त स्तुतिपाठक निघाले नाहीत. येलमधून १९५७ मध्ये अमेरिकन स्टडीजची पीएच.डी. घेतलेले टॉम वुल्फ पुढे पत्रकार झाले आणि अंतराळवीरांपासून वॉल स्ट्रीटच्या दलालांपर्यंत सगळ्यांच्या चालीरीती त्यांनी एखाद्या जमातीचा अभ्यास करावा तशा टिपल्या.

या पहिल्या पिढीची मोठी उणीव मात्र लपवून चालणार नाही. हार्वर्डचे एफ. ओ. मॅथिसन यांनी १९४१ मध्ये ‘अमेरिकन रेनेसान्स’ लिहिले. १८५० ते १८५५ या पाच-सहा वर्षांत अमेरिकी साहित्य बहरले असे दाखवणारा हा ग्रंथ पाच लेखकांवर उभा आहे: एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. पाचही पुरुष, पाचही गोरे. हॅरिएट बीचर स्टो यांचे ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ चे. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांचे दुसरे आत्मचरित्र १८५५ चे. दोन्ही नेमक्या त्याच वर्षांतली, आणि दोन्ही त्या बहराबाहेर. सगळ्या अमेरिकेचे एक मन आहे, ते थोर ग्रंथांत सापडते, असे गृहीत धरल्यावर बाकीच्यांचे मन कोठे शोधायचे हा प्रश्नच उरत नव्हता.

तो प्रश्न रस्त्यावरून आत आला. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आमचा इतिहास अभ्यासक्रमात कोठे आहे, हा त्यांचा सवाल. संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. इकडे विद्वानांतही खडाखडी सुरू झाली. १९७२ मध्ये ब्रूस कुक्लिक यांनी विचारले की कादंबरीकाराने जे लिहिले तेच सामान्य माणसाच्या मनात होते हे कशावरून?

या प्रश्नाला जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये दिलेले उत्तर फार देखणे आहे. त्यांनी स्वस्त प्रेमकादंबऱ्या घेतल्या, पण केवळ त्या वाचून मत दिले नाही. एका गावातल्या पुस्तकाच्या दुकानाभोवती जमलेल्या वाचक स्त्रियांना त्या जाऊन भेटल्या. या बायका हेच का वाचतात? नवरा, मुले, स्वयंपाक यांच्या रगाड्यात हातात पुस्तक घेऊन बसणे म्हणजे ‘हा वेळ माझा आहे’ असे घराला सांगणे, हे त्यांच्या बोलण्यातून पुढे आले. पुस्तकातल्या मजकुराइतकाच वाचण्याच्या कृतीला अर्थ असतो, हे समीक्षकाला एकट्याने खोलीत बसून सापडले नसते.

नाटकाच्या बाबतीत लॉरेन्स लेव्हिन यांनी असाच एक समज मोडला. शेक्सपिअर म्हणजे उच्चभ्रूंचा लेखक, असे आज वाटते. पण १० मे १८४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये इंग्रज नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्या चाहत्यांच्या वैरातून ‘मॅकबेथ’च्या प्रयोगावर दंगल उसळली, सैनिकांनी गोळीबार केला आणि किमान २२ माणसे मेली. एकोणिसाव्या शतकात शेक्सपिअर हमाल-कारागिरांचाही होता. तो कसा आणि कोणी वरच्या मजल्यावर नेला, याचा शोध लेव्हिन यांनी १९८८ च्या पुस्तकात घेतला. संगीत नाटकांवर जीव टाकणारे प्रेक्षक ज्या महाराष्ट्राने पाहिले आहेत तिथे कोणीतरी असाच शोध आपल्या रंगभूमीबद्दल घ्यावा असे फार वाटते.

पण एखाद्या समूहाने लिहिलेले काहीच हाती नसेल तर? आंतरविद्याशाखीय पद्धतीची खरी कसोटी तिथे लागते आणि तिचे उत्तम उदाहरण चिनी रेल्वे कामगारांचे आहे.

१० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जुळले. पश्चिमेकडच्या रेल्वे कंपनीचे प्रमुख लेलँड स्टॅनफर्ड यांनी सोन्याचा खिळा बसवला. पश्चिमेकडचा मार्ग सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून खोदला तो बहुतांशी चिनी मजुरांनी. त्यांची एकूण संख्या १०,००० ते २०,००० च्या दरम्यान धरली जाते. गोऱ्या मजुरांपेक्षा पगार कमी आणि जेवणाचा खर्च स्वतःचा. बर्फाचे कडे कोसळून, सुरुंगांच्या स्फोटांत कित्येक मेले. जून १८६७ मध्ये हजारोंनी काम बंद पाडले, तेव्हा कंपनीने अन्नाचा पुरवठा तोडून संप मोडला. लोहमार्ग जुळल्याच्या दिवसाच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रात मात्र चिनी चेहरे जवळजवळ नाहीतच. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९६९ च्या शताब्दी समारंभात केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी या बोगद्यांचे श्रेय अमेरिकनांच्या जिद्दीला दिले. ज्यांनी ते खोदले त्यांना त्यांच्या काळच्या कायद्याने अमेरिकी नागरिक होताच येत नव्हते.

या मजुरांपैकी एकाचेही त्या कामाबद्दलचे पत्र किंवा रोजनिशी आजवर मिळालेली नाही. पगारपत्रकांवर बहुतेकदा टोळीच्या मुकादमाचे नाव, मजुरांचे नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात गॉर्डन चँग आणि शेली फिशर फिशकिन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा प्रकल्प सुरू झाला. चँग इतिहासकार, फिशकिन साहित्याच्या आणि अमेरिकन स्टडीजच्या अभ्यासक. पुरातत्त्वज्ञांनी मजुरांच्या तळांच्या जागी सापडलेले चिनी मातीच्या वाडग्यांचे तुकडे, नाणी, औषधांच्या बाटल्या तपासल्या. कोणी हिशेबाच्या वह्या चाळल्या, कोणी छायाचित्रे भिंगाखाली पाहिली. दक्षिण चीनमधल्या ज्या गावांतून हे लोक आले तिथल्या अभ्यासकांची मदत घेतली गेली, अमेरिकेतल्या वंशजांच्या घराण्यांत चालत आलेल्या आठवणी ध्वनिमुद्रित झाल्या. त्यातून ते मजूर काय खात, उकळलेला चहा पीत असल्यामुळे आजारांपासून कसे वाचत, घरी पैसे कसे पाठवत, हे दिसू लागले. चँग यांचे पुस्तक २०१९ मध्ये, रेल्वे जुळल्याला १५० वर्षे होताना आले. हे संशोधन ज्या विद्यापीठात झाले ते त्याच लेलँड स्टॅनफर्ड यांच्या रेल्वेच्या संपत्तीतून उभे राहिले आहे, ही गोष्ट त्या अभ्यासकांनी मोकळेपणाने मांडली.

या मेजरवरचा नेहमीचा आक्षेप असा की यातून माणूस ना धड इतिहासकार होतो, ना धड समाजशास्त्रज्ञ. आक्षेपात तथ्य आहे. चार विभागांतले आठ सुटे अभ्यासक्रम गोळा करून कोणतीही दृष्टी तयार होत नाही. पुरावा तपासण्याची एखादी तरी शिस्त विद्यार्थ्याला कसून आली पाहिजे. चिनी मजुरांच्या प्रकल्पात पुरातत्त्वज्ञ हा खराखुरा पुरातत्त्वज्ञ होता म्हणूनच वाडग्याचा तुकडा बोलला. चांगली कॉलेजे एखादे क्षेत्र पक्के करण्याचा आग्रह धरतात तो याचसाठी. पदवीनंतर हे विद्यार्थी वस्तुसंग्रहालये, पत्रकारिता, वकिली, अध्यापन, माहितीपट, ग्रंथालये अशा वाटांनी जातात.

भारतात या विषयाचे मोठे केंद्र होते हैदराबादेत. १९६४ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले आणि त्याच्या ग्रंथालयात देशभरातले प्राध्यापक महिनोन्‌महिने येऊन बसत. मराठवाडा तर शेजारीच. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य होते. दलित साहित्याची चर्चा त्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी साहित्याच्या शेजारी नेऊन ठेवली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून आले हे सर्वज्ञात आहे.

हा धागा त्याहून बराच जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई जवळपास तीन वर्षे त्या देशात हिंडल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. राज्यपद्धती, घरसंसार, शाळा, धर्मपंथ, स्त्रियांच्या संस्था, व्यापार, एवढे सगळे एका पुस्तकात, आणि मूलनिवासी व कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाबद्दल स्पष्ट बोल. हार्वर्डचा अभ्यासक्रम सुरू व्हायला तेव्हा आणखी चार दशकांहून अधिक काळ जायचा होता. मीरा कोसंबी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये अमेरिकेत छापले गेले, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांनाही ते आता वाचता येते.

आणि मग कोलंबिया विद्यापीठातले भीमराव आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी तिथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांचे कितीतरी अभ्यासक्रम केले. जातींच्या उगमावरचा त्यांचा गाजलेला निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, गोल्डनवायझर यांच्यासमोर. तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकी निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांसाठी तसेच काही करावे असे त्यांच्या मनात होते. ड्यू बॉईस यांनी जुलैअखेर उत्तर दिले. आपल्याला आंबेडकरांचे नाव माहीत आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यांनी कळवले. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील ग्रंथालयात ड्यू बॉईस यांच्या कागदपत्रांत जपलेली आहेत आणि पुण्या-नागपुरातल्या विद्यार्थ्यालाही ती संगणकावर उघडून वाचता येतात.